बिल्ल्यावरचा टाका

आमच्या घरात एक निळा कोट होता. लोकरीचा, पितळी बटणांचा, डाव्या खिशावर रेशमाने भरलेला बिल्ला असलेला. देशाच्या युवा फुटबॉल संघात निवडलेल्या पोरांना बाहेरदेशी जाताना तो दिला होता, आणि त्या पोरांत आमचे हे होते. हे म्हणजे माझे यजमान. मोहाडीपासून कोसभरावरचं आमचं गाव, गावाला लागून मोठा तलाव, आणि आम्ही त्या तलावात मासे धरून पोट भरणारी माणसं. अशा घरात लोकरीचा कोट कशाला लागतो? थंडीत आम्ही घोंगडी पांघरायचो. कोट आपला पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात पडून राहायचा आणि लग्नसराई आली की बाहेर निघायचा.

कारण गावातला प्रत्येक नवरदेव तोच कोट घालून मांडवात उभा राहायचा. हे कधी कोणी ठरवलं नव्हतं. एकाने मागितला, मग दुसऱ्याने मागितला, आणि पुढे पुढे कोटाशिवाय लग्न म्हणजे काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायला लागलं. वैशाखात भंडारा जिल्ह्यातलं ऊन काय असतं ते ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. त्या उन्हात लोकरीचा कोट चढवून, वर बाशिंग बांधून नवरदेव घामाने निथळत बसायचा, पण बटण काढायचा नाही. जाड्या नवरदेवाची बटणं लागायची नाहीत आणि बारक्याच्या अंगात कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. लग्न आटोपलं की कोट हळदीचे डाग घेऊन परत यायचा, आणि ते काढत बसायचं काम माझं. मी चिडायचे. तुम्ही खेळायला गेला होता की गावच्या लग्नांचा ठेका घ्यायला, असं म्हणायचे. हे नुसते हसायचे आणि पुढच्या नवरदेवाला हो म्हणून मोकळे व्हायचे.

एका बाबतीत मात्र यांनी कडक नेम घालून दिला होता. त्याचं झालं असं, की मी या घरात येण्याआधी यांच्या एका चुलत भावाने कोट नेला होता. मुलगी सानगडीकडची. तिकडच्या लोकांनी बिल्ला पाहून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा या बहाद्दराने सांगून टाकलं की आपण देशाकडून खेळतो. सासरा हरखून गेला. पुढे दिवाळीला जावई सासुरवाडीला गेला, तर तिथल्या पोरांनी त्याच्या मानाखातर सामनाच ठेवलेला. पहिल्याच लाथेला चेंडू राहिला जागेवर आणि जावई पडला पाठीवर. ही हकीकत आमच्या गावात अजूनही पोट धरून सांगतात. यांना मात्र तिचं कधी हसू आलं नाही. तेव्हापासून कोट कोणीही न्यावा, पण बिल्ला झाकून न्यावा, असं ठरलं. जो खेळला त्याचाच बिल्ला, असं हे म्हणायचे. मी आल्यावर झाकायचं काम माझ्याकडे आलं. निळ्या कापडाचा एक चौकोनी तुकडा मी त्यासाठी जपून ठेवला होता. नवरदेवाच्या घरून माणूस आला की तुकडा बिल्ल्यावर धरून कच्चा टाका घालायचा, आणि कोट परत आला की दोरा ओढून तो उसवायचा.

माझ्या स्वतःच्या लग्नात बिल्ला उघडा होता. आणीबाणीचे दिवस होते. माझं माहेर आंधळगावचं, तिथेच मांडव पडला होता. माझा धाकटा भाऊ तेव्हा जेमतेम दुसरी-तिसरीत असेल. पंगती उठल्यावर तो यांच्या मांडीवर जाऊन बसला आणि बिल्ल्याच्या धाग्यांवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, हा कोट कुठे भेटते?

‘हा विकत नाही भेटत,’ हे म्हणाले. ‘खेळून भेटते.’

‘मंग मी माहाच घालीन.’

मांडवातली माणसं हसली. नव्या नवरीने हसू नये म्हणून मी पदर तोंडाला लावला, पण मलाही हसू आवरलं नाही. त्या पोराने ते मनावर घेतलं होतं, हे कळायला आम्हाला काही वर्षं जावी लागली.

यांचं खेळणं मी पाहिलेलं नाही. मी आले तेव्हा ते संपलं होतं. युवा संघाचं असंच असतं, हे मला यांच्याकडूनच कळलं. तिथे वयाची एक रेघ असते. रेघेच्या अलीकडे असाल तोवर तुम्हाला दूध, अंडी, बूट सगळं देतात, तुमचे पाय तपासतात, तुमच्या झोपेचीसुद्धा काळजी करतात. रेघ ओलांडली की तुमच्या जागी दुसरं पोरगं. एखाद-दुसरा मोठ्या संघात जातो, बाकीचे घरी. यांना बाहेरदेशी नेलं, एका सामन्यात अगदी शेवटी मैदानात उतरवलं, आणि पुढच्या वर्षी यांचं वय झालं. ज्या वयात गावातली पोरं मिसरूड कातरायला लागतात, त्या वयात माझा नवरा म्हातारा ठरला होता. घरी येऊन त्यांनी जाळं हातात घेतलं आणि कुरकुर केली नाही. पण संध्याकाळ झाली की गावातली पोरं गोळा करून खेळवत बसायचे. या तलावाकाठचं आणखी एक पोरगं त्या संघात जावं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. मला वाटायचं, एकट्याने तो कोट मिळवल्याचं त्यांना कुठेतरी ओझं झालंय.

खेळायला मैदान म्हणाल तर बांधी. आमच्याकडे धानाचं शेत एकसलग नसतं. पाणी साठावं म्हणून त्याचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. असा तुकडा म्हणजे बांधी, आणि तिच्या चारी बाजूंना मातीचा गुडघाभर, कुठे कंबरभर उंच बांध घातलेला, तो धुरा. धान कापून झालं की ज्या बांधीत लाखोळीची डाळ पेरलेली नसेल तिथे पोरं खेळायची. जागा एवढीशी, चेंडू घडोघडी धुऱ्यावर आदळणार. दर वेळी तो बाहेर गेला म्हणायचं तर खेळ व्हायचाच नाही. म्हणून गावात बापजाद्यांपासून कायदा होता, की धुऱ्यावरून परत आलेला चेंडू चालतो. समोर कोणी आडवा आला की चेंडू तिरपा धुऱ्यावर मारायचा, त्या माणसाच्या दुसऱ्या अंगाने पळत जायचं, आणि परत आलेला चेंडू पलीकडे गाठायचा. आमची पोरं यात पटाईत होती. बाहेरगावचे खेळणारे या खेळीने पार वेडे व्हायचे.

खरं मैदान उन्हाळ्यात मिळायचं. चैत्रापासून तलाव मागे हटायला लागला की त्याचा सपाट, टणक तळ उघडा पडायचा. हे तिथे राखेने रेघा आखायचे, बांबू रोवून गोल उभे करायचे आणि त्यांना जुनं फाटकं जाळं लावायचे. आसपासच्या गावांत गोलाला जाळं असलेलं तेवढं एकच मैदान होतं. जाळ्याला मासळीचा वास यायचा, पण जाळं ते जाळं. तिथे धुरा नव्हता. रेघेबाहेर गेलेला चेंडू गेला. हे म्हणायचे, पोरगं बांधीत खेळायला शिकते अन् तलावात फुटबॉल शिकते. बांधीतली सवय तलावाच्या तळात मोडायची, हीच यांची सगळी शिकवण होती. संघाच्या निवडीच्या कॅम्पात गेल्यावर ती सवय मोडताना स्वतः त्यांना फार जड गेलं होतं, म्हणून तर हा आटापिटा.

आंधळगावात शाळा होती, तरी माझा भाऊ हट्ट धरून आमच्याकडे राहायला आला आणि मोहाडीच्या शाळेत जायला लागला. नाव शिक्षणाचं, डोळा फुटबॉलवर. आल्या आल्या सासूबाईंनी त्याला जोखलं. म्हणाल्या, हे पोरगं पाहुणा नाही, हे मुक्कामी आलं. तो लांब टांगांचा, कमी बोलणारा, ताटात पडेल ते खाणारा पोरगा होता. तलावाच्या तळात वर्षामागून वर्ष हे त्याला एकच गोष्ट घोकून घेत होते. चेंडू पायात येण्याआधी मान वर करून पाहा. धुरा विसर, माणूस शोध. तो ऐकायचा. हळूहळू त्याचा खेळ असा झाला, की मासळी विकून परतणाऱ्या बायासुद्धा टोपली टेकवून पाळीवर उभ्या राहायच्या. पाळ म्हणजे तलावाचा बांध. मीही उभी राहायचे. त्याच्या पायात चेंडू आला की मला इतका आनंद व्हायचा की तो लपवायला मी त्याच्या मळक्या कपड्यांवरून कुरकुर करत बसायचे.

तेव्हा गावात कोट घालून फोटो काढायची टूम निघाली होती. मोहाडीचा फोटोवाला आला की लग्न ठरो न ठरो, पोरं आमच्या दारात. माझ्याकडून बिल्ला झाकून घ्यायचे आणि ऐटीत उभे राहायचे. माझ्या भावाला मी किती वेळा म्हटलं, घरातलाच आहे, घाल की. त्याने कधी अंगाला लावला नाही. इतका की पेटी उन्हात टाकायची असली तरी कोट उचलायला तो मलाच बोलवायचा. त्याचा हट्ट आम्हाला कळत होता आणि आवडतही होता.

मग तो तालुक्याकडून खेळला, जिल्ह्याकडून खेळला, नागपूरला गेला, आणि एक दिवस देशाच्या युवा संघाच्या कॅम्पाचं बोलावणं आलं. कॅम्प दूर, दक्षिणेतल्या एका शहरात. वरठीच्या स्टेशनावर आम्ही त्याला सोडायला गेलो तेव्हा अर्धं गाव बैलगाड्या जुंपून आलं होतं. कॅम्पात तो बरेच दिवस राहिला. परत आला तेव्हा उंचीने यांच्या वर गेला होता. तिथे सकाळी काय खायला देतात, शिट्टीवर कसं पळवतात, डोक्याने चेंडू कसा खाली दाबायला शिकवतात, हे तो जेवताना सांगायचा, आणि हे घास हातात धरून ऐकत बसायचे. शेवटच्या यादीत तो त्या वर्षी आला नव्हता. अजून कोवळा आहे, पुढच्या वर्षी नक्की या, असं तिथल्या प्रशिक्षकाने सांगितलं होतं. पुढचं वर्ष हे त्याचं वयाच्या रेघेच्या अलीकडचं शेवटचं वर्ष होतं. त्यानंतर बोलावणं येणार नव्हतं. हे आम्हा तिघांनाही पाठ होतं, आणि त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

त्या वर्षी पाऊस असा झाला की विचारू नका. तलाव तोंडोतोंड भरला, सांडव्यावरून पाणी धो-धो वाहत राहिलं. धान पिकलं, मासळीला तर मोजमाप नव्हतं. लोक तलावाची पूजा करून आले. आमच्याही घरावर नवी कवेलं चढली, मला नवं लुगडं आलं. मोहाडीच्या बाजारात आमच्या गावच्या बाया मासळीच्या टोपल्या घेऊन बसल्या की दुपारच्या आत मोकळ्या होत. सगळं गाव खुशीत होतं. होळी झाली, चैत्र लागला, आणि तलाव काही हटेना. पाळीशी पाणी तसंच चमकत राहिलं.

यांनी काठावर एक काडी रोवली होती. सकाळी उठून पाणी काडीपासून किती सरकलं ते बघायला जायचे. पाणी बोटभर सरकलेलं असायचं किंवा तेवढंही नाही. माझा भाऊ मागे उभा असायचा. एक दिवस सासूबाईंनी ती काडी पाहिली आणि त्यांचा पारा चढला.

‘ढिवराच्या घरात जन्मला अन् तलाव आटाची वाट पाहून राहिला काय रे? लोकं आयकतीन तं काय म्हणतीन?’

ज्या पाण्यावर आमच्या चुली पेटत होत्या त्याच पाण्याखाली त्या पोराचं मैदान बुडालं होतं. मलाही कधी कधी त्या पाण्याचा राग यायचा, आणि त्याच पाण्यातली मासळी मी कांदा-मिरची घालून रांधायची.

मोहाडीच्या शाळेचं मैदान होतं, पण त्या वर्षी तिथे नव्या खोल्यांचं बांधकाम काढलेलं, सगळीकडे गिट्टी आणि रेती. शेजारच्या गावांचे तलाव आमच्यासारखेच भरलेले. उरली बांधी. उन्हाळी धान लावलेल्या बांध्या सोडून जी कोरडी मिळाली तिथे यांनी धुऱ्याच्या अलीकडे राखेची रेघ आखली आणि पोरांना बजावलं, की रेघेपलीकडे चेंडू मेला. पण पोरं ती पोरं, आणि जागा ती टीचभर. चेंडू रेघ ओलांडायचा, धुऱ्याला लागायचा, परत यायचा, आणि खेळ चालू राहायचा. हे शिट्टी वाजवून थांबवायचे. दहा जणांत एकाने थांबायचं आणि बाकीच्यांनी पळायचं, असं कसं होईल? शेवटी यांनी शिट्टी खिशात घातली. पोरगं पायावर तरी राहील, दम तरी टिकेल, असं म्हणाले. मी पाळीवर नाही, पण आता बांधीच्या काठावर उभी राहून बघायचे. माझा भाऊ पुन्हा चेंडू धुऱ्यावर मारत होता आणि पलीकडे तो गाठत होता. फार सुंदर दिसायचं ते. बघणारे वा वा करायचे, आणि यांचा चेहरा उतरलेला असायचा.

मृग तोंडावर आला तेव्हा कॅम्पाला जायची वेळ झाली. या वेळी हेही सोबत गेले. कॅम्पाच्या शेवटी तिथल्या पोरांचेच दोन संघ करून एक सामना खेळवतात आणि त्यावरून यादी वाचतात. मी इथे धानाच्या रोवणीची कामं सुरू झाली तरी रोज एसटीच्या वेळेला फाट्याकडे डोळे लावून होते. माझं मन मला चांगलंच सांगत होतं. इतकी वर्षं ज्याने दुसऱ्याचा कोट अंगाला लावला नाही, त्याला देव त्याचा देईलच, अशी माझी आपली भाबडी समजूत होती.

दोघं परत आले. हातात पेटी होती तीच, वळकटी होती तीच. भावाने पाय धुतले, पाणी प्यायला आणि सासूबाईंना विचारलं, की जाळं कुठे ठेवलंय. एवढंच. मी काही विचारायच्या आत तो तलावाकडे निघून गेला.

काय झालं ते यांनी मला सांगितलं, तेही सगळं एकदम नाही. कॅम्पात तो चांगला खेळला होता. प्रशिक्षक खूश होता. पण शेवटच्या सामन्यात निवडणारे खुर्च्या टाकून बसले, आणि पोराच्या अंगात भीती शिरली. भीती शिरली की माणूस आपल्या जुन्या सवयीला धरतो. चेंडू त्याच्याकडे आला, समोर एक आडवा आला, आणि माझ्या भावाने चेंडू तिरपा बाजूच्या रेघेकडे मारला आणि स्वतः पलीकडून पळाला. चेंडू रेघेबाहेर घरंगळत गेला. बघणाऱ्यांना वाटलं, चुकला असेल. पण ते पुन्हा झालं, आणि पुन्हा. तो पळत जाऊन मोकळ्या जागी थांबायचा आणि मागे वळून पाहायचा, चेंडू अजून कसा आला नाही म्हणून. हे जाळीच्या बाहेर उभे होते. ओरडून सांगावंसं वाटलं, पण तिथे ओरडायची सोय नव्हती. यादी वाचली तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं. प्रशिक्षक भला माणूस होता. त्याने यांना बाजूला घेऊन विचारलं, की पोरगा तर हुशार आहे, मग चेंडू असा बाहेर फेकायला त्याला शिकवलं कोणी?

‘मी काय सांगू त्याले?’ हे मला म्हणाले. ‘आमच्याकडं मैदानाले धुरा असते म्हणून सांगू?’

हे सांगताना ते रडत नव्हते, पण मला रडू आलं. मी त्यांच्यासमोरच रडले. कोणावर रागवावं तेही कळेना. यांनी शिकवायची कसर ठेवली नव्हती, पोराने मेहनतीत कसूर केली नव्हती. पाऊस चांगला झाला म्हणून पावसाला शिव्या द्यायच्या का? गावातल्या लोकांना तर काय घडलं ते नीट कळलंही नाही. निवड झाली नाही, वशिला लागतो, असं म्हणून त्यांनी आमचं सांत्वन केलं.

पुढच्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि होळीच्या आधीच तलाव आटला. एवढा मोठा, सपाट तळ यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी सवयीने राखेच्या रेघा आखल्या, बांबू रोवले, जाळं बांधलं. लहान पोरं जमली. माझा भाऊ पाळीवरून जायचा, खांद्यावर कोरडं जाळं टाकून, दूर कुठल्यातरी डोहाकडे. तळाकडे बघायचा नाही. बोलवायची माझी हिंमत झाली नाही, आणि यांनीही बोलावलं नाही. संध्याकाळी तो जेवून उठायचा आणि माझ्या हातातला पाण्याचा हंडा काढून घ्यायचा, आमच्या पोरांना खांद्यावर बसवायचा. वागायला आणखीच चांगला झाला होता, आणि तेच मला बघवत नव्हतं.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई, सोयरे-धायरे गोळा होतात, आणि मंडईतच सोयरिकी जुळतात. आंधळगावच्या मंडईत माझ्या भावाची सोयरीक जुळली. मुलगी चांगली होती. लग्न वैशाखात धरलं. सासूबाईंनी मला आठवण केली, कोटाला ऊन दाखव म्हणून. मी आज दाखवते, उद्या दाखवते करत राहिले. मला वाटत होतं, तो धोतर-सदऱ्यावर उभा राहील, पण कोट मागणार नाही. मागू नये, असं फार वाटत होतं.

तो एका दुपारी आला. हे घरातच होते, जाळ्याची फाटकी गाठ सावरत बसले होते. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि मला म्हणाला, बाई, कोट दे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. दुसऱ्या कोणी नवरदेवाने मागावा तसाच त्याने मागितला.

मी पेटी उघडली. पाला झटकून कोट त्याच्या हातात दिला. त्याने तो चढवला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या, खांद्यात दाटला. कॅम्पातल्या दुधा-अंड्यांनी वाढवलेलं अंग होतं ते, यांच्या मापात मावणार कसं? मी कापडाचा तुकडा शोधायला वळले तेव्हा यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं.

‘याचा झाकू नको,’ हे मला म्हणाले. ‘असाच राहू दे.’

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत यांनी पहिल्यांदाच नेम मोडला होता, आणि तो माझ्या भावासाठी. मी तुकडा परत ठेवायला निघाले. भावाने खिशावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. लहानपणी फिरवलं होतं तसं बोट नाही फिरवलं. नुसतं पाहिलं.

‘नाही भाऊजी,’ तो म्हणाला. ‘जो खेळला त्याचाच. मी नाही खेळलो.’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बाई, घाल टाका.’

मी सुई घेतली. दोरा नेढ्यात जाईना, तर त्यानेच तो ओवून दिला. कोट त्याच्या अंगावरच होता. अंगावर शिवू नये म्हणतात, पण तेव्हा कोणाला ते सुचलं नाही. मी त्याच्या छातीशी वाकून टाके घालत होते आणि सुईखाली त्याचा श्वास वर-खाली होत होता. तो हलला नाही. शेवटचा टाका घालून मी दोरा दातांनी तोडला तेव्हा माझं डोकं त्याच्या छातीला टेकलं आणि मला ते लवकर वर उचलता आलं नाही. हे उठून बाहेर गेले होते.

लग्न थाटात झालं. उन्हात माझा भाऊ आखूड बाह्यांच्या कोटात घामाने निथळत बसला होता, गावातल्या दुसऱ्या कुठल्याही नवरदेवासारखा. फोटोवाल्याने फोटो काढला, तो अजून आंधळगावच्या घरात आहे.

कोट परत आला. मी हळदीचे डाग काढले, वाळवला आणि नेहमीप्रमाणे दोरा उसवायला बसले. हे जवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, राहू दे. मला आधी कळलंच नाही. अहो, तुम्ही तर खेळलात ना, मी म्हटलं.

‘खेळलो,’ हे म्हणाले. ‘पण माह्यानंतर इथून कोणी नाही गेला.’

मी सुई डब्यात ठेवली. त्यानंतरही लग्नसराई आली की लोक कोट न्यायला येत राहिले आणि आम्ही देत राहिलो. मला मात्र पुन्हा कोणासाठी टाका घालावा लागला नाही.